पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बदलताना: नियोजन, डेटा आणि सुरक्षेची कामं क्रमाने

महाराष्ट्रातल्या अनेक पतसंस्थांमध्ये अजून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीच्या काळातलं सॉफ्टवेअर चालू आहे. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, आणि कुठली कळ दाबायची हे फक्त एका ज्येष्ठ लेखनिकाला ठाऊक. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोला आधार देणं जानेवारी २०१५ मध्येच थांबवलं. तरी रोजकीर्द (दिवसाच्या व्यवहारांची नोंद) निघते, तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे शिल्लकांचा गोषवारा) जुळते, म्हणून कोणी हात लावत नाही. मग एखाद्या दिवशी संचालक मंडळाच्या सभेत ठराव होतो, तीन कंपन्यांची कोटेशन्स येतात आणि सगळी चर्चा किमतीवर आणि मोबाइल ॲपवर होते. खरं जोखमीचं काम मात्र डेटाचं असतं, आणि ते कोटेशनमध्ये जेमतेम एका ओळीत असतं: ‘जुन्या डेटाचं स्थलांतर’.

हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. धरून चाललोय की संस्था मध्यम आकाराची आहे: चार-पाच शाखा, काही हजार सभासद, शेअर्स, बचत, मुदत ठेव, पिग्मी (एजंटाने रोज दारोदार गोळा केलेली बचत), कर्ज आणि सोनेतारण. यापेक्षा लहान संस्थेलाही क्रम हाच, फक्त कागद कमी.

आधी माणूस, मग एक पान

पहिलं काम म्हणजे जबाबदार माणूस नेमणं. तो चेअरमन नसावा, कारण त्यांना रोज वेळ देता येणार नाही. विक्रेत्याचा प्रतिनिधी तर मुळीच नसावा. ज्याला तेरीज न बघता कुठलं खातं कुठे बसतं हे कळतं असा हिशेबनीस किंवा शाखा व्यवस्थापक हवा. त्याला संगणक उत्तम यायची गरज नाही. त्याच्या सहीशिवाय नवीन सॉफ्टवेअर सुरू होणार नाही, हे मात्र सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. तोंडी अधिकार शेवटच्या आठवड्यात टिकत नाही.

मग त्याने एकच पान लिहायचं. बदल कशासाठी करतोय, पहिल्या टप्प्यात काय येणार, काय येणार नाही, तारीख कोणती, आणि कोणत्या परिस्थितीत माघार घ्यायची. ‘काय येणार नाही’ हा भाग सर्वात उपयोगी पडतो. मोबाइल ॲप, एसएमएस, क्यूआर कोडवरून वसुली हे सगळं दुसऱ्या टप्प्यात टाका. पहिल्या टप्प्यात सभासद, ठेवी, कर्ज, पिग्मी आणि हिशेब एवढंच नीट उभं राहिलं तरी खूप झालं. मधल्या काळात एखादे संचालक ‘एवढं एक करून घ्या ना’ म्हणतीलच. त्यांना ते पान दाखवायचं.

खर्चाचा अंदाज काढताना परवान्याच्या किमतीवर थांबू नका. स्थलांतराची फी, पासबुक प्रिंटर, पिग्मी एजंटांची यंत्रं किंवा मोबाइल, नव्या नमुन्याची पासबुकं आणि पावत्या, दुसरं इंटरनेट कनेक्शन, बॅकअपच्या डिस्क, कर्मचाऱ्यांचा जादा वेळ, आणि दुसऱ्या वर्षापासूनची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची फी. जुन्या सॉफ्टवेअरची एएमसीही किमान पुढचं ऑडिट होईपर्यंत चालू ठेवावी लागते. ती सगळेच विसरतात.

तारखेबद्दल माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. जवळजवळ प्रत्येक संस्था १ एप्रिल धरते, कारण आरंभीच्या शिल्लका स्वच्छ मिळतात. पण मार्चमध्ये वसुलीची धावपळ असते, थकबाकीची वर्गवारी असते, तरतुदी असतात, आणि माणसं थकलेली असतात. नवीन पडद्यावर चुका करायला याहून वाईट महिना नाही. सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा उरकते, मग दिवाळी. म्हणून ३० सप्टेंबरच्या तेरजेवर पहिली तालीम, नोव्हेंबरअखेरच्या तेरजेवर दुसरी, आणि १ जानेवारीला प्रत्यक्ष बदल. मार्च येईपर्यंत हात बसलेला असतो. याची किंमत एवढीच की चालू वर्षात दिलेलं आणि वसूल झालेलं व्याज, तसंच एप्रिलपासूनचे व्यवहार सोबत न्यावे लागतात. ते करता येतं.

तारीख ठरली की ती प्रतिष्ठेची करू नका. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये शनिवार-रविवार गाठून आपली सगळी खाती नव्या प्रणालीवर हलवली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपलीच खाती दिसेनाशी झाली आणि सगळं सुरळीत व्हायला कित्येक महिने लागले. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. पुढच्या वर्षी तंत्रज्ञान विभागाच्या माजी प्रमुखाला वैयक्तिक ८१,६२० पौंडांचा दंड झाला. त्याच्यावर ठपका हा की, पुरवठादार तयार आहे की नाही याची त्याने पुरेशी खातरजमा केली नाही. आपला व्यवस्थापकही विक्रेत्याला फोन करून ‘झालं का हो?’ विचारतो, ‘झालं साहेब’ ऐकतो, आणि पुढे जातो.

करारात काय लिहून घ्यायचं

छापील करारावर सही करण्याआधी पाच गोष्टी मराठीत, साध्या वाक्यांत जोडपत्र म्हणून घाला.

डेटा संस्थेचा आहे. संस्था मागेल तेव्हा सगळे तक्ते सीएसव्हीसारख्या कुठेही उघडणाऱ्या स्वरूपात, प्रत्येक रकान्याच्या अर्थासह, ठरलेल्या दिवसांत आणि वेगळी फी न घेता मिळतील. सर्व्हर कुठे आहे आणि त्याला कोणाकोणाचा हात लागतो हे लेखी कळवलं जाईल. विक्रेत्याच्या बाजूने डेटा फुटला किंवा यंत्रणा बाधित झाली तर काही तासांत संस्थेला कळवलं जाईल. स्थलांतराचे पैसे तेरीज जुळल्यावरच मिळतील.

शेवटचं कलम विक्रेत्याला आवडत नाही. तिथेच अडून बसा.

विक्रेत्याची सुरक्षा ही आपली सुरक्षा असते, हे ३१ जुलै २०२४ रोजी देशभर दिसलं. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी अनेक सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवते. तिथे रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा) हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने खबरदारी म्हणून तिला आपल्या जाळ्यापासून तोडलं. सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार त्यात अडकले. त्या बँकांनी स्वतः काही चूक केली नव्हती. पतसंस्थेचं दुखणं तर आणखी आहे: आपल्या ठेवींना बँकांसारखं ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नसतं. सभासदाचा विश्वास एकदा हलला की काउंटरसमोर रांग लागायला एक अफवा पुरते.

डेटा कुठे कुठे सांडलाय

विचारलं तर उत्तर येतं, ‘सगळं सॉफ्टवेअरमध्येच आहे.’ तसं कधीच नसतं. थकबाकीची खरी यादी वसुली अधिकाऱ्याच्या एक्सेलमध्ये असते. सोनेतारणाचे वजन आणि कसाचे तपशील वहीत. वारसांच्या नोंदी कागदी फायलीत. सह्यांचे नमुने कपाटात. सभासदांच्या आधार कार्डांचे फोटो शाखाधिकाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर, त्याच्या पुतण्याच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी.

एका तक्त्यात हे सगळं उतरवा: माहिती कोणती, कुठे आहे, कोण वापरतो, किती वर्षं ठेवावी लागते, नव्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार की नाही. दोन-तीन दिवसांचं काम आहे, पण शाखेत प्रत्यक्ष बसून करायचं. फोनवर विचारून होत नाही. व्हॉट्सॲपवरची कागदपत्रं नव्या प्रणालीत चढवून झाली की फोनमधून पुसायची, आणि पुन्हा तशी न घेण्याचं लेखी परिपत्रक काढायचं. आधारची प्रत ठेवणं गरजेचं असेल तिथे पहिले आठ अंक झाकलेली प्रत घ्या. बहुतेक कामांना ती पुरते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पतसंस्थेला एवढा दंड होईल असं कोणी म्हणत नाही, पण ‘आम्हाला हा कायदा लागत नाही’ हे म्हणण्याची सोयही उरलेली नाही. हा तक्ता केला असेल तर त्या कायद्याची अर्धी तयारी झालीच.

साफसफाई: इथेच वेळ जातो

जुन्या सॉफ्टवेअरमधून डेटा काढला की पहिल्यांदा त्याची एक प्रत डिस्कवर घ्या, पाकिटात बंद करा, तारीख घाला, सही करा आणि तिजोरीत ठेवा. तिला पुन्हा कोणी हात लावायचा नाही. साफसफाई दुसऱ्या प्रतीवर. कुठलाही वाद झाला की मूळ काय होतं हे दाखवता आलं पाहिजे.

मराठी नावांपासून सुरुवात करा. जुन्या डेटातली नावं श्री-लिपी, आकृती किंवा तसल्याच एखाद्या फॉन्टमध्ये टंकलेली असतात. तो फॉन्ट काढला की पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं उरतात. युनिकोडमध्ये बदलणारी परिवर्तकं मिळतात, पण ती जोडाक्षरांवर अडखळतात. रफार, ‘ऱ्या’, ‘क्ष’, ‘श्र’ असलेली नावं वेगळी काढून डोळ्यांनी तपासा. ‘ऱ्या’ युनिकोडमध्येही दोन पद्धतींनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला सभासद सापडत नाही. ‘आ’ ऐवजी ‘अ’ला काना जोडून लिहिणारेही असतात. विक्रेत्याला सांगा की सगळी नावं एकाच पद्धतीवर आणून द्या. त्याला हे माहीत नसेल तर त्याने मराठी डेटावर फारसं काम केलेलं नाही, हेही त्यातून कळेल.

पुढचा गोंधळ एकाच माणसाच्या अनेक नोंदींचा. दत्तात्रय, दत्तात्रेय, दत्ता, आणि इंग्रजीत डी. बी. अशी चार रूपं, चार सभासद क्रमांक. कर्ज एकावर, जामीनकी दुसऱ्यावर, ठेव तिसऱ्यावर. नावावरून जोड्या जुळवू नका. एका गावात एकाच नावाचे तीन जण सहज निघतात. पॅन, जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि मोबाइल यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्या तरच ‘संभाव्य एकच’ अशी खूण करा. अंतिम निर्णय शाखेतल्या माणसाचा. तो चेहऱ्याने ओळखतो.

यंत्राला करता येणाऱ्या तपासण्या यंत्रालाच द्या. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. व्यक्तीचं पॅन असेल तर चौथं अक्षर इंग्रजी ‘पी’. आयएफएससी (बँक शाखेचा कोड) ११ चिन्हांचा आणि पाचव्या जागी शून्य. आधार १२ अंकी, आणि त्यातला शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने येतो, त्यामुळे टंकताना एक अंक चुकला तर पकडता येतो. पिनकोड सहा अंकी. हे नियम एका दुपारी चालवले की चुकांची यादी हातात येते.

आता एक्सेल. साफसफाई त्यातच होणार, कोणी कितीही नाही म्हटलं तरी. म्हणून त्याच्या खोड्या माहीत हव्यात. सीएसव्ही फाइलवर दोनदा क्लिक करून ती उघडली की खाते क्रमांकाच्या आधीची शून्यं उडतात. आधार क्रमांक ‘ई’ घातलेल्या वैज्ञानिक रूपात दिसू लागतो. पंधरापेक्षा जास्त अंकांचा खाते क्रमांक असेल तर सोळाव्या अंकापासून पुढे सगळी शून्यं होतात, आणि फाइल जतन केली की मूळ अंक परत येत नाहीत. ५ एप्रिल कधी ४ मे होतो. दोन आकडी सालात १९२८ साली जन्मलेले आजोबा २०२८ मध्ये जन्माला येतात. उपाय एकच: फाइल थेट न उघडता ‘डेटा’ टॅबमधून आयात करायची आणि प्रत्येक रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून घ्यायचा.

कोरोनाच्या काळात इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांचे अहवाल जुन्या एक्सएलएस स्वरूपात ओढले होते. त्या स्वरूपात ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. बाकीच्या ओळी गुपचूप गळल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये कळलं की १५,८४१ बाधितांची नोंद आकडेवारीत आलीच नव्हती, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही लांबला होता. कुठलीही फाइल एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली की ओळी मोजायच्या. आधी किती, नंतर किती. एवढी सवय लागली तरी पुष्कळ.

साफसफाईचा एक नियम भिंतीवर लिहा: नाव, पत्ता, तारीख, क्रमांक यांची दुरुस्ती तक्त्यात होते, शिल्लक कधीच तक्त्यात दुरुस्त होत नाही. एखाद्या खात्याची पोटखतावणी (सभासदनिहाय शिल्लकांची बेरीज) मुख्य खतावणीशी ८७ रुपयांनी जुळत नसेल तर जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर करून, मंजुरी घेऊन, रोजकीर्दीतून ती जुळवा. एक्सेलमध्ये ८७ रुपये बदलून टाकणं हा दोन सेकंदांचा मोह आहे आणि पुढच्या वर्षी लेखापरीक्षकासमोर त्याचं उत्तर कोणाकडेच नसतं. दुरुस्त्यांची यादी ठेवा: जुनी नोंद, नवी नोंद, कशाच्या आधारे, कोणी.

तालीम आणि जुळवणी

विक्रेता पहिल्यांदा डेटा चढवून देईल आणि दोन-चार खाती उघडून दाखवेल. ती बरोबरच असतात. तुम्ही तुमच्या पद्धतीने तपासा, चार थरांत.

आधी संख्या: प्रत्येक प्रकारची चालू खाती जुन्यात किती, नव्यात किती. मग बेरीज: प्रत्येक खात्यावर तेरजेप्रमाणे जमा-नावे. मग खातेनिहाय शिल्लक, सगळीच्या सगळी, नमुन्यादाखल नव्हे; दोन याद्या शेजारी ठेवून वजाबाकी केली की फरकाची खाती आपोआप वर येतात. शेवटी व्याज, आणि खरी झुंज इथेच असते.

शिल्लक जुळूनही व्याज जुळत नाही, कारण दोन्ही सॉफ्टवेअरांचे हिशेबाचे नियम वेगळे असतात. ठेवीचा पहिला दिवस धरायचा की शेवटचा, वर्ष ३६५ दिवसांचं की लीप वर्षात ३६६चं, पैसे कुठल्या टप्प्यावर पूर्णांकात आणायचे, थकित हप्त्यावर दंडव्याज कुठून लावायचं. बचत खात्यावर काही ठिकाणी अजूनही दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची किमान शिल्लक धरून व्याज देतात. बँकांनी १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर द्यायला सुरुवात केली. नवं सॉफ्टवेअर बँकांच्या पद्धतीने बनवलेलं असेल तर तुमचा पोटनियम काय म्हणतो ते आधी वाचा. फरक एका रुपयाचा असला तरी त्याचं कारण लिहून मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. हजारो खात्यांवर तोच एक रुपया ताळेबंदात दिसतो.

मग अवघड खात्यांची यादी करा आणि ती एकेक उघडून बघा:

- मुदतीआधी मोडलेली किंवा तारण ठेवून कर्ज काढलेली ठेव
- मयत सभासदाचं खातं, वारसनोंद बाकी असलेलं
- अज्ञान म्हणून उघडलेलं, पण मुलगा आता सज्ञान झालेलं खातं
- सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळालेलं कर्ज
- तीन कर्जांना जामीन असलेला एकच माणूस
- नूतनीकरण केलेलं सोनेतारण
- हप्ते आगाऊ भरलेलं कर्ज

ही खाती बरोबर आली तर साधी खाती बहुतेक बरोबरच असतात. याद्यांवर जबाबदार माणसाची सही घ्या. लेखापरीक्षकाला आधीच दाखवलं तर तो नको तिथे अडणार नाही.

दोन्ही सॉफ्टवेअरांत सगळ्या शाखांनी महिनाभर दुहेरी नोंदी करायच्या असा सल्ला नेहमी दिला जातो. मला तो पटत नाही. काउंटरवरची माणसं दुपारनंतर एकीकडे नोंद करून दुसरीकडे ‘उद्या करू’ म्हणतात, आणि चौथ्या दिवसापासून फरक सॉफ्टवेअरचा की माणसाचा हे कळत नाही. त्यापेक्षा एक मध्यम गर्दीची शाखा निवडा, तिथे एक जादा माणूस द्या आणि दोन आठवडे तिथेच दुहेरी नोंद नेटाने करा. बाकी शाखांनी फक्त दिवसाच्या बेरजा ताडून बघायच्या.

प्रत्यक्ष बदलाच्या संध्याकाळी जुन्यात दिवसअखेर, तेरीज छापणं, अंतिम प्रत काढणं, चढवणं, जुळवणी, आणि मग निर्णय. निर्णयाची वेळ आधी ठरवा: समजा पहाटे चारपर्यंत तेरीज जुळली नाही तर सकाळी शाखा जुन्यावर उघडतील. पिग्मी एजंटांना त्या दिवशी संध्याकाळी यंत्रं जमा करायला सांगा. एखादं यंत्र बाहेर राहिलं की त्यातली दिवसभराची वसुली दोन्हीकडे अधांतरी राहते. जुनं सॉफ्टवेअर नंतर एका संगणकावर, नेट तोडून, फक्त बघण्यापुरतं ठेवा.

कुलूप कुठे लावायचं

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्यात मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेच्या ग्राहकांच्या बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतात आणखी अडीच कोटी. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टच्या (बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या संदेशजाळ्याच्या) मार्गाने जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. चोरांनी तिजोरी फोडली नव्हती. एटीएमच्या विनंत्या ज्या स्विचमधून बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातात त्या जागी त्यांनी मालवेअरने बनावट स्विच उभा केला. तोच परस्पर ‘मंजूर’ म्हणत राहिला आणि खात्यात शिल्लक आहे का हे मुख्य प्रणालीला कोणी विचारलंच नाही.

पतसंस्थेकडे स्विफ्ट नसतं. पण तत्त्व तेच: ‘मंजूर’ म्हणणारा आणि शिल्लक बघणारा यांच्यातला दुवा कोणी तोडू शकतो का? आपल्याकडे तो दुवा बहुतेक वेळा माणूसच असतो. कॅशियर नोंद करतो आणि अधिकाऱ्याचा पासवर्ड वापरून तोच मंजूरही करतो, कारण साहेब बाहेर असतात. म्हणून पहिली सूचना: एका माणसाचं एक लॉगिन, आणि नोंद करणारा व मंजूर करणारा वेगळा. गैरव्यवहाराच्या चौकशीत ‘माझा पासवर्ड सगळ्यांना माहीत होता’ हे वाक्य निर्दोष आणि दोषी दोघंही म्हणतात.

बाकी कामं भराभर सांगतो. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ते संगणक बदला किंवा काउंटरवरून काढा. चोरीची विंडोज आणि चोरीचं ऑफिस आजच काढा. विक्रेत्याला दुरून संगणकात शिरू देणारं ॲप कायम चालू ठेवू नका. काम असेल तेव्हा सुरू, कोणीतरी समोर बसून, काम झालं की बंद, आणि वहीत नोंद. सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि पाहुण्यांचं वायफाय काउंटरच्या जाळ्यावर नको. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावला की लोक शेवटचा आकडा वाढवतात. त्यापेक्षा लांब पासवर्ड ठेवा आणि मोठ्या अधिकाऱ्यांच्या लॉगिनला ओटीपी जोडा. नोकरी सोडणाऱ्याचं लॉगिन निरोप समारंभाच्या दिवशीच बंद. पिग्मी एजंटाच्या यंत्रात त्याच्या स्वतःच्या यादीपलीकडे काही नको, आणि दुसऱ्या टप्प्यात एसएमएस सुरू झाले की रोज वसुलीनंतर सभासदाला एसएमएस गेला पाहिजे. तो एसएमएसच सर्वात स्वस्त लेखापरीक्षक आहे.

बॅकअपवर मात्र थांबू या. रोजचा बॅकअप त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर घेणं म्हणजे बॅकअप नव्हे. रॅन्समवेअर दोन्ही एकदम कुलूपबंद करतं. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, आणि त्यातली किमान एक वायरीवरून सुटी. दोन डिस्क आळीपाळीने वापरा: एक जोडलेली, दुसरी मुख्य शाखेबाहेरच्या तिजोरीत. डिस्कवर पासवर्डचं कूटबंधन (एन्क्रिप्शन) हवं, नाहीतर रिक्षात विसरलेली डिस्क म्हणजे सगळ्या सभासदांची माहिती रस्त्यावर.

आणि बॅकअप परत चढवून बघा. गिटलॅब ही सॉफ्टवेअर क्षेत्रातलीच मुरलेली कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या, त्यातली एकही नीट चालत नव्हती. योगायोगाने सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. दर तिमाहीला एका रिकाम्या संगणकावर बॅकअप चढवायचा, तेरीज काढायची आणि त्या दिवशीच्या छापील तेरजेशी ताडायची. किती वेळ लागला तेही लिहायचं. तोच तुमचा संकटाच्या दिवशीचा खरा वेळ.

घात झालाच तर

पडद्यावर खंडणीची सूचना आली किंवा रकमा आपोआप हलताना दिसल्या तर पहिली कृती: नेटची वायर काढा, सगळ्या शाखांची. संगणक बंद करू नका, फॉरमॅट तर अजिबात नको. तपासाला लागणारे पुरावे त्यातच असतात. पडद्याचा मोबाइलने फोटो घ्या, वेळ लिहा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार; संस्थेची खाती ज्या बँकेत आहेत तिथेही त्याच मिनिटाला कळवा. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे अशा घटनांची सूचना सहा तासांत द्यावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. म्हणजे नोंदी आधीपासून ठेवल्या जात आहेत का, हे आजच विक्रेत्याला विचारा.

हे सगळे क्रमांक संगणकात ठेवून उपयोग नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक शाखेत व्यवस्थापकाच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवा: विक्रेता, बँक, पोलीस ठाणं, वकील, लेखापरीक्षक, चेअरमन. सभासदांशी कोण बोलणार तेही त्यात. एकच माणूस, आणि खरं तेवढंच. ‘सर्व्हर डाउन आहे’ हे एक दिवस चालतं, दुसऱ्या दिवशी नाही.

काउंटर मात्र बंद ठेवू नका. रोज दिवसअखेर प्रत्येक शाखेने आपल्या बचत आणि चालू कर्ज खात्यांच्या शिल्लकेची यादी छापून कुलपात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशीची छापली की आदली फाडायची. शेजारी छापील व्हाउचरांची आणि हाती पावत्यांची पुस्तकं, आणि हाताने व्यवहार करताना एका सभासदाला दिवसाला जास्तीत जास्त किती रक्कम द्यायची याचा मंजूर ठराव. वर्षातून एकदा एखाद्या कमी गर्दीच्या दिवशी, एका शाखेत, दुपारी दोन ते चार संगणक बंद ठेवून यावरच काम करून बघा.